वरच्या कप्प्याची किल्ली

त्या गावात जनावरांच्या डॉक्टरची लायकी सुईच्या लांबीवरून ठरत असे. सुई लांब, पिचकारी जाड आणि आतलं औषध लाल असलं की डॉक्टर एक नंबर. औषध बिनरंगी असलं तर डॉक्टर बरा, पण हात जरा आखडता. आणि सुई दिलीच नाही तर तो डॉक्टर कसला, नुसता पाहुणा. चहा पाजून वाटेला लावावा असा.

हे माप गावाला घालून दिलं म्हाताऱ्या डॉक्टरांनी. उभ्या हयातीत त्यांनी आपल्या दवाखान्यातून एकही जनावर बिनसुईचं परत पाठवलं नाही. लंगडणारा घोडा असो, खाजवून खाजवून हैराण झालेलं कुत्रं असो, की मालकाशी नुसताच अबोला धरलेलं मांजर असो, डॉक्टर पिचकारी उजेडाकडे धरायचे, तिला टिचकी मारायचे, आणि त्या टिचकीसरशी मालकाच्या तोंडावर रंग परत यायचा. जनावर बरं व्हायला आठवडा घ्यायचं. मालक मात्र जागच्या जागी बरा व्हायचा.

पुढे त्यांचे हात थरथरायला लागले आणि दवाखाना सुनेकडे आला. सूनही रीतसर शिकलेली जनावरांची डॉक्टर. बुटकी, खणखणीत आवाजाची, स्कूटरच्या हँडलला गमबूट लटकवून गावभर फिरणारी. मालक म्हणायचा, बाई, सुई. ती म्हणायची, थांबा, आधी ताप बघू. मालक म्हणायचा, मागच्या खेपेचं औषध घरात उरलंय, तेच टोचू का. ती म्हणायची, थांबा, ती बाटली आधी माझ्याकडे आणून द्या. वर्षभरात गावाने तिचं नाव थांबाबाई पाडलं. आधी पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावर म्हणू लागले, आणि शेवटी दवाखान्यात फोन करून ‘थांबाबाई आहेत का हो’ असं अगदी अदबीने विचारू लागले. बाईने मनावर घेतलं नाही. सासऱ्यांना लोक मागे काय म्हणायचे ते तिच्या कानावर होतं. त्या मानाने हे नाव बरंच सभ्य होतं.

दवाखान्यात एक लोखंडी कपाट होतं. सासऱ्यांच्या काळात त्यात सगळ्या बाटल्या एकत्र नांदायच्या. हाताला जी आधी लागेल ती त्या दिवसाची नशीबवान. सुनेने त्या वेगळ्या केल्या. खालच्या कप्प्यात दुखणं आणि सूज उतरवणारी औषधं, सलाइन, मलमं, जखमा धुवायचं सामान. गावातली निम्म्याहून जास्त जनावरं या कप्प्यावरच बरी होतात, असं तिचं म्हणणं. मधल्या कप्प्यात जुनी, साधी प्रतिजैविकं, ठरावीक जातीच्या जंतूंपुरतीच चालणारी. त्यांना हात लावण्याआधी ती क्षणभर थबकायची. आणि वरच्या कप्प्यात जोरकस, जालीम, माणसांच्या दवाखान्यातही शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवतात त्या जातीच्या मोजक्या बाटल्या. त्या कप्प्याला कुलूप होतं, आणि किल्ली बाईच्या गळ्यातल्या दोरीला.

ही किल्ली गळ्यात आली ती एका वासरामुळे. बाई नवी नवी होती तेव्हा ते आलं, फुप्फुसात पाणी झालेलं. मधल्या कप्प्यातलं औषध दिलं, फरक नाही. वरच्या कप्प्यातलं दिलं, तरी नाही. मग बाईने वासराच्या घशातल्या स्रावातले जंतू काचेच्या बशीत वाढवले आणि त्यावर कपाटातल्या एकूण एक औषधाच्या टिकल्या ठेवल्या. औषध लागू पडणार असेल तर टिकलीभोवती मोकळं कडं उमटतं. तिथे जंतू उगवत नाहीत. दुसऱ्या दिवशी बशी बघितली तर जंतू प्रत्येक टिकलीला खेटून उगवलेले, अंगणात हिरवळ दाटावी तसे. मालक भला माणूस होता. वासरू जरा शिंकलं की घरात उरलेलं काहीबाही टोचायचा, आज हे, उद्या ते; तरतरी आली की थांबवायचा. जीव लावून त्याने त्या जंतूंना कपाटातल्या सगळ्या औषधांची ओळख करून दिली होती. कपाट गच्च भरलेलं होतं आणि द्यायला काही नव्हतं. वासरू गेलं. त्या दिवशी बाईने बाजारातून कुलूप आणलं.

सासऱ्यांना ते कुलूप खुपायचं. ते रोज येऊन दवाखान्याच्या पुढच्या खोलीत आपल्या आरामखुर्चीत बसायचे, पेपर उघडायचे आणि पेपरच्या वरून कपाटाकडे बघायचे. बोलायचे मात्र नाहीत. ते बोलले ती वेळ आणली त्यांच्या लेकीने.

लेक म्हणजे बाईची थोरली नणंद. गावाच्या कडेला तिचा गोठा होता आणि गोठ्याला लागून दह्याची खोली. तिच्या दह्यात चमचा उभा राहतो अशी ख्याती होती, आणि चमचा पडला तर दोष चमच्याचा असं ती स्वतः सांगायची. नवरा गरीब स्वभावाचा. धारा काढायचा, कॅन उचलायचा आणि विचारलं तरच बोलायचा. गोठ्यातली सगळ्यात जास्त दूध देणारी गाय म्हणजे मोठ्याबाई. शाळेच्या मुख्याध्यापिकेसारखी चाल असल्यामुळे तिला हे नाव मिळालं होतं. गोठ्यातून बाहेर पडताना ती पुढे आणि बाकीच्या रांगेत मागे. ती पाणी पिऊन बाजूला होईपर्यंत दुसरी गाय हौदाला तोंड लावायची नाही.

त्या आठवड्यात नणंदेचं मोठं काम जुळत आलं होतं. गावच्या रुग्णालयाच्या स्वयंपाकघराला रोजचं दही पुरवायचं. एवढं एक गिऱ्हाईक बांधलं गेलं की दुकानादुकानांतून बरण्या घेऊन फिरणं थांबणार होतं. स्वयंपाकघराचे व्यवस्थापक स्वतः गोठा बघायला येणार होते. आणि नेमकी तेव्हाच मोठ्याबाईंची कास सुजली.

बाई स्कूटरवरून पोचली तेव्हा नणंद गोठ्याच्या दारातच उभी होती. मागचा उजवा सड ताठरलेला, वरचा भाग गरम आणि घट्ट. बाईने तळाला काळा रंग असलेल्या वाटीत दोन धारा घेतल्या. काळ्यावर पांढऱ्या गुठळ्या चटकन दिसतात, तशा दिसल्या. ताप बघितला, नव्हता. कान चाचपले, गार पडले नव्हते. तोवर मोठ्याबाईंनी शेजारणीला शिंगाने बाजूला सारून तिच्या वाटणीचा चारा संपवला होता.

बाईने निदान सांगितलं. एका सडाला संसर्ग आहे, पण गाय स्वतः ठणठणीत आहे. अशा दुखण्यातल्या कित्येक गायी प्रतिजैविकाशिवाय बऱ्या होतात. काहींना लागतं, पण कुठलं लागतं ते कुठला जंतू आहे यावर ठरतं. आज सूज आणि ठणका उतरवायचं इंजेक्शन देते, तो सड दिवसातून अनेकदा पिळून रिकामा करा, दूध बाजूला काढा. नमुना घेऊन जाते, उद्या सकाळी कळेल. मध्ये ताप चढला किंवा तिने चारा सोडला, तर मात्र क्षणभर थांबू नका, मला उठवा. तसं झालं तर मीही थांबणार नाही.

नणंदेने हे सगळं ऐकून घेतलं, आणि ऐकून घेतल्याबद्दल स्वतःवरच चिडली.

“दुसरा कोणी आला असता तर एव्हाना दोन सुया टोचून चहा पीत बसला असता. घरची डॉक्टर म्हणून तुला बोलावलं, तर तू मला थर्मामीटर दाखवतेस, वहिनी.”

“परक्यांनाही थर्मामीटरच दाखवते, वन्सं. घरच्यांना सवलत नाही.”

“वरच्या कप्प्यातलं दे. एकदाच. सड गेला तर परत येतो का?”

सड गेला तर परत येत नाही, हे बाईलाही माहीत होतं. म्हणूनच तिने नमुन्याची बाटली बंद करताना झाकण दोनदा तपासलं. पण किल्ली गळ्यातच राहिली. ती गेटाबाहेर पडते न पडते तोच नणंदेने वडिलांना फोन लावला.

संध्याकाळी बाई दवाखान्यात आली तेव्हा सासरे आरामखुर्चीत नव्हते. कपाटासमोर उभे होते, हात पुढे करून.

“सूनबाई, किल्ली दे.”

बाईने नमुन्याची बशी उबवणपेटीत ठेवली. ही पेटी पावाच्या डब्याएवढी. बाईने ती घेतली तेव्हा सासऱ्यांनी विचारलं होतं, यात अंडी ठेवायची का. पेटीचं दार नीट लावून मगच बाई वळली.

“नाही देणार, बाबा.”

सासऱ्यांनी आवाज चढवला नाही. लेकीची गाय आहे, म्हणाले. आयुष्यभर या कपाटातून औषधं काढली, किती जनावरं उभी केली याचा हिशेब गावाकडे आहे. आपण काय अडाणी होतो? औषध दिलं, जनावर बरं झालं. यात थांबण्यासारखं काय होतं?

“तुम्ही अडाणी नव्हतात,” बाई म्हणाली. “तुम्हाला औषधं नवी मिळाली. जंतूंनी ती कधी बघितली नव्हती, म्हणून ते पटापट मेले. माझ्या वाटणीला आलेत ते जंतू तुमच्या पिचकारीच्या जुन्या ओळखीतले आहेत, बाबा. त्यांच्यासाठी मागे ठेवायला माझ्याकडे एवढा एकच कप्पा उरलाय. तो मी वन्संच्या गायीसाठीसुद्धा उघडेन, पण गरज दिसली तर. धीर सुटला म्हणून नाही.”

बोलून झाल्यावर आपला सूर जरा जास्तच लागला हे तिच्या लक्षात आलं. शब्द मात्र मागे घ्यावेत असं एकही वाटेना.

रात्रीच्या जेवणात सासऱ्यांनी सुनेशी अबोला धरला. मीठ हवं होतं तर मुलाला म्हणाले, “तुझ्या बायकोला मीठ द्यायला सांग.” मुलगा शाळेत भूमिती शिकवायचा. दोन बिंदूंना जोडणारी सर्वांत छोटी रेषा आपणच आहोत हे त्याने ओळखलं, मीठ उचलून वडिलांपुढे ठेवलं आणि मान खाली घालून जेवत राहिला. पुढे भाजी, पाणी आणि दिवा कमी करण्याबद्दलची सूचनाही याच मार्गाने गेली.

बाई मात्र मनात उद्याचा हिशेब मांडत होती. उद्या तो सड दगड झाला, तर नणंद आयुष्यभर बोलून दाखवील, आणि त्यात तिचं चुकलं असंही म्हणता येणार नाही. शिवाय गाव टपूनच बसलेलं. थांबाबाई थांबल्या आणि घरच्या गायीची कास गेली, एवढं एक वाक्य पुरे होतं. दुसऱ्या दिवसापासून उरलेल्या बाटल्या माळ्यांवरून पुन्हा खाली आल्या असत्या.

सकाळी केसही न विंचरता ती दवाखान्यात गेली आणि उबवणपेटी उघडली. बशीत बारीक बारीक ठिपके उगवले होते, टाचणीच्या टोकाने टोचल्यासारखे. तिने ते भिंगाखाली बघितले, काडीवर घेऊन तपासले आणि ओळखले. हा जंतू जुन्या, साध्या औषधाला बहुधा मुकाट्याने दाद देणारा होता. औषध लागणार होतं, पण मधल्या कप्प्यातलं. तिने सासऱ्यांच्या रिकाम्या आरामखुर्चीत बसून एकटीनेच एक मोठा श्वास सोडला.

सडात सोडायच्या औषधाच्या ट्यूबा घेऊन ती निघाली तेव्हा सासरे दारात भेटले. त्यांनी तिच्या हाताकडे बघितलं.

“मधला?”

“मधला.”

त्यांनी घसा खाकरला. अबोला सुटल्याची ही दवाखान्यातली अधिकृत घोषणा होती.

गोठ्यात मोठ्याबाईंना ताप अजूनही नव्हता आणि भूक तशीच होती. सूज पिळून पिळून थोडी सैल झाली होती. बाईने सड पुसून, निर्जंतुक करून आत ट्यूब सोडली आणि गायीच्या मागच्या पायाला लाल पट्टी बांधली. लाल पट्टी म्हणजे या गायीचं दूध कॅनमध्ये जाणार नाही. मग तिने नणंदेला आणि तिच्या नवऱ्याला समोर उभं करून सांगितलं. ट्यूबा ठरलेल्या सगळ्या संपवायच्या, उद्या सड कापसासारखा मऊ झाला तरी. आणि चारही सडांचं दूध शेणाच्या खड्ड्यात, मी सांगेपर्यंत.

नणंदेने विचारलं, तीन सड तर चांगले आहेत, त्यांनी काय घोडं मारलं? बाई म्हणाली, औषध एका सडात गेलं तरी रक्तातून बाकीच्या तिघांत पोचतं. नवऱ्याने कोणी काही न विचारता स्वतःहून एक प्रश्न विचारला, ही मोठीच गोष्ट होती: मग वासरांना पाजू का? बाई म्हणाली, त्यांना तर मुळीच नको. एवढ्याशा वयात कशाला त्यांच्या पोटातल्या जंतूंची शिकवणी लावायची?

नणंद हो म्हणाली. मनापासून म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी दुपारी व्यवस्थापक गोठा बघायला यायचे होते, आणि दारातून आत शिरल्याबरोबर पहिली दिसणार ती मोठ्याबाई, मागच्या पायाला लालभडक पट्टी मिरवत. नणंदेला ती पट्टी घराच्या दर्शनी भिंतीला ओल आल्यासारखी वाटायला लागली. माणूस विचारणार, हे काय? मग आपण सांगणार, आजारी आहे. मग तो म्हणणार, बरं, बघतो. पाहुणा येऊन जाईपर्यंतच काढू, असं म्हणून तिने पट्टी सोडली आणि दाराआडच्या खिळ्याला अडकवली.

पाहुणा आला. गोठा बघून खूश झाला, दही चाखून त्याहून खूश झाला आणि उद्यापासूनच पाठवा म्हणाला. त्या आनंदात नणंद थेट दह्याच्या खोलीत गेली ती भांडी घासायला. पट्टी खिळ्यावरच राहिली. संध्याकाळी नवरा धारा काढायला बसला. दुपारी त्याला सांगितलं होतं की आज भरपूर लागणार आहे, एक थेंब सोडू नका. तो पायाच्या पट्टीवर विसंबलेला माणूस. पट्टी दिसली नाही, म्हणजे वहिनींनी काढायला सांगितली असणार. त्याने नेहमीप्रमाणे पहिला मान मोठ्याबाईंना दिला आणि त्यांचं सगळं दूध मोठ्या कॅनमध्ये ओतलं. नणंदेने ते तापवलं, कोमट केलं, मोठ्या हंड्यात विरजण घातलं आणि कधी नव्हे ती लवकर झोपली.

सकाळी बाईचा फोन वाजला. नणंदेचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता.

“वहिनी, दही लागलं नाही. विरजण तेच, ऊब तीच. सगळं नुसतं पाण्यासारखं हलतंय.”

बाईने एवढंच विचारलं, “पट्टी कुठे आहे?”

पलीकडे इतकी शांतता झाली की मोठ्याबाई रवंथ करताना ऐकू आल्या.

बाई पोचली तेव्हा हंडा खोलीच्या मधोमध होता आणि नवरा-बायको त्याच्या दोन बाजूंना, भांडण करून दमल्यासारखे. काय झालं ते बाईने थोडक्यात सांगितलं. विरजणातही जंतूच असतात, चांगल्या वळणाचे. औषधाला ते कळत नाही. त्याने त्यांनाही मारलं. म्हणजे औषध या हंड्यात आहे, आणि दही लागू नये एवढं आहे.

नणंद हार मानणारी नव्हती. दही नाही तर नाही. उकळू, साखर घालू, वेलची घालू, गोड दूध म्हणून पाठवू. दुपारपर्यंत वेळ आहे.

“उकळून जंतू मरतात, वन्सं. औषध उकळून जातं असं समजू नका.”

“मग दुप्पट ताजं दूध मिसळते. पातळ होईल. कोणाला कळणार आहे?”

“कोणालाच कळणार नाही. म्हणून तर म्हणते. तिथे खाटेवर असा कोणी असेल ज्याला हे औषध मुळीच सोसत नाही. त्याच्या अंगावर गांधी उठतील, श्वास कोंडेल, आणि डॉक्टर त्याला विचारतील, काय खाल्लंस? तो बिचारा म्हणेल, दूध.”

नणंदेने आजूबाजूला बघितलं. बाहेर रुग्णालयाच्या लेबलांच्या नव्या बरण्या धुऊन पालथ्या घातल्या होत्या. तिचा आवाज फुटला. तू कुणाच्या बाजूची आहेस, म्हणाली. पहिलाच दिवस, पहिलाच हंडा. आज गेला नाही तर उद्या दुसरा कोणी पाठवील, आणि ते गिऱ्हाईक गेलं ते गेलं. तुला काय, तुझ्या कपाटाला कुलूप आहे.

बाईने त्या बरण्यांकडे एकदा बघितलं. तिने कोपऱ्यातली बादली उचलली, हंड्याजवळ पालथी घातली आणि तिच्यावर बसली. गमबुटांसकट, पाय जुळवून, मांडीवर हात ठेवून.

“हे काय?” नणंद म्हणाली.

“बसले. हा हंडा खड्ड्यात जाईपर्यंत उठणार नाही.”

“दवाखान्यात लोक खोळंबतील.”

“खोळंबू देत. बाबा आहेत तिथे.”

नणंदेने मग शेवटचं हत्यार काढलं. वडिलांना फोन लावला आणि सगळं सांगितलं, पट्टीची गोष्ट जरा घाईघाईने, बादलीची सविस्तर. फोनमधून आधी दवाखान्यातल्या कुत्र्याचं भुंकणं आलं, मग म्हाताऱ्या डॉक्टरांचा आवाज. एवढा मोठा की बादलीवर बसलेल्या सुनेलाही ऐकू यावा.

“मुळीच लागलं नाही?”

“मुळीच नाही, बाबा.”

“माझ्या वेळीही घरोघरी मधूनच दही लागायचं नाही. लोक हवेला शिव्या द्यायचे. मीही द्यायचो.” मग कुत्र्याला दटावून त्यांनी विचारलं, “सूनबाई बसलीय म्हणतेस?”

“हो.”

“मग तूही एक बादली घे आणि बस. ती उठायची नाही. मला अनुभव आहे.” आणि फोन ठेवण्याआधी त्यांनी सुनेसाठी निरोप दिला, की इथे एक कुत्रं खोकतंय, ताप नाही, खातंय पितंय, मालक सुई मागतोय, काय करायचं तेवढं विचारून सांग.

सुनेने बादलीवरूनच सांगितलं काय करायचं ते. नणंदेने निरोप पोचवला. फोन ठेवला, पण दुसरी बादली घेतली नाही. हंड्याभोवती एक फेरी मारली. झाकण उघडून आत बघितलं, जणू एवढ्या वेळात लाज वाटून दही लागलं असेल. मग पुन्हा फोन उचलला आणि या वेळी रुग्णालयाच्या स्वयंपाकघराला लावला.

नवरा पुढे झाला. काहीतरी कारण सांग, म्हणाला. गाडी बिघडली म्हण. तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो भिंतीला टेकला.

“मी दहीवाली बोलतेय,” ती म्हणाली. “आज दही येणार नाही. औषध चालू असलेल्या गायीचं दूध माझ्या हातून मिसळलं गेलंय. काल तुम्ही आलात तेव्हा तिच्या पायाची पट्टी मी काढून ठेवली होती, तुम्हाला दिसू नये म्हणून. सगळा हंडा ओतून देतेय. काल तुम्ही चाखलंत ते आधीचं होतं, ते चांगलं होतं.”

पलीकडचा माणूस काय बोलला ते बाईला ऐकू आलं नाही. नणंदेने दोनदा ‘हो’ म्हटलं, एकदा ‘समजलं’ म्हटलं, आणि फोन ठेवून सांगितलं की आजचं ते दुसरीकडून मागवतायत. पुढचं विचार करून कळवतील. नाही म्हणाले नाहीत, पण हो तर मुळीच म्हणाले नाहीत.

“चल, ऊठ आता,” ती बाईला म्हणाली. “तू एक कान धर. बसून बसून काही हंडा हलणार नाही.”

हंडा जड होता. दोघी वाकून, अडखळून, एकमेकींना ‘इकडे, इकडे’ म्हणत तो शेणाच्या खड्ड्यापर्यंत घेऊन गेल्या. नवरा मध्ये हात घालायला आला तर दोघींनीही त्याला बाजूला केलं. एवढं दूध एकदम जाताना आवाज येतो. नणंदेने तो पूर्ण ऐकला, तोंड न फिरवता. मग परत जाऊन खिळ्यावरची पट्टी काढली आणि मोठ्याबाईंच्या पायाला इतकी घट्ट बांधली की बाईला ती सैल करावी लागली.

गावात बातमी पोचायला वेळ लागला नाही. थांबाबाईने नणंदेचं दही ओतायला लावलं, असं लोक सांगू लागले, आणि सांगताना हंड्याचा आकार दर गल्लीला वाढत गेला. काहीजण म्हणाले, अशी डॉक्टर शत्रूलाही मिळू नये, आणि पलीकडच्या गावच्या लाल औषधवाल्याकडे गेले. दोघीतिघी मात्र दवाखान्यात आल्या, पदराआडून अर्ध्या बाटल्या काढल्या आणि टेबलावर ठेवून गेल्या. सासऱ्यांनी त्या पेपरवरून बघितल्या. एका बाटलीवर त्यांच्याच अक्षरात औषधाचं नाव होतं. ती त्यांनी स्वतः उचलून टाकायच्या डब्यात टाकली.

मोठ्याबाईंच्या सडाची सूज हळूहळू उतरली. आधी गरमपणा गेला, मग घट्टपणा, मग एके दिवशी बाईने काळ्या वाटीत धार घेतली तर एकही गुठळी नाही. रुग्णालयाकडून मात्र काही कळलं नव्हतं. नणंद पुन्हा दुकानादुकानांतून बरण्या घेऊन फिरत होती, आणि फोन वाजला की बरणी खाली ठेवून धावत होती.

ट्यूबा संपल्यानंतरची एक सकाळ. औषध अंगातून पूर्ण उतरायला अजून अवकाश होता. बाई गायीला बघून स्कूटरला किक मारायच्या बेतात होती. नवरा धार काढून उठला. बादलीत दूध फेसाळत होतं. पांढरं शुभ्र, दाट, नाकाजवळ नेलं तर गोडसर वास. गोठ्यातल्या बाकीच्या कुठल्याही बादलीहून देखणं. तो बादलीकडे बघत राहिला आणि म्हणाला, आता तर काहीच दिसत नाही यात.

“दिसत नाहीच ते,” नणंद म्हणाली.

तिने त्याच्या हातातून बादली घेतली. बाईकडे बघितलंसुद्धा नाही, विचारायची तर गोष्टच सोडा. खड्ड्याच्या काठावर उभी राहिली आणि सगळी पालथी केली. शेजारचं मांजर केव्हाचं तिथे येऊन, शेपूट पायांभोवती गुंडाळून, मोठ्या आशेने बसलं होतं. नणंदेने रिकामी बादली आपटून त्यालाही पिटाळलं.